सुटा भाग यायचा आहे

अठ्ठावीस वर्षांत आर्डिस ट्वेटला एकाही गिऱ्हाइकानं फोन करून "सगळं छान चाललंय" असं सांगितलं नव्हतं. असं सांगायला कुणी फोन करत नाही, हे तिलाही कळत होतं. पण अठ्ठावीस वर्षं लोकांचं अडलेलं, मोडलेलं, हरवलेलंच ऐकत बसायचं म्हणजे माणूस आतून झिजतं. सकाळी आठला कानाला हेडफोन लावला की तिच्या मानेत जी कळ उठे, ती संध्याकाळी पाचला घरापर्यंत सोबत येई.

हेल्गेसन कंपनीत ती फोनवर बसायची. ही कंपनी घरच्या घरी काडतुसं भरायच्या प्रेस, म्हणजे टेबलाला जोडायची दांड्याची यंत्रं, बनवते. उडवलेली पितळी पुंगळी फेकायची नाही. ती प्रेसमध्ये दाबून पुन्हा आकारात आणायची, बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, मोजून बारूद घालायची आणि वरून गोळी दाबून बसवायची. इथल्या बर्फाच्या, लांबलचक हिवाळ्यात पुरुषांना तळघरात जाऊन बसायला काहीतरी निमित्त लागतं. यात पैसे वाचतात असं ते बायकांना सांगतात, आणि बायका ऐकून घेतात, कारण निदान दोन तास घर शांत राहतं.

ऑक्टोबरात शिकारीचा हंगाम तोंडावर आला की फोनला उसंत नसे. निम्म्या लोकांचा एकच प्रश्न, कुठली प्रेस घेऊ? एक साधी असते. दांडा एकदा ओढला की एकच काम होतं, आणि प्रत्येक पुंगळी हातानं पाच वेळा उचलावी लागते. दुसरी फिरती असते. तिच्यात पाच कामं एकदम चालतात आणि दांड्याच्या प्रत्येक ओढीला एक तयार काडतूस खाली पडतं. किंमत तिप्पट, आणि हवी सगळ्यांना तीच.

आर्डिस त्यांना तीन प्रश्न विचारायची. आठवड्याला किती गोळ्या झाडतोस? भरायला बसतोस तिथं टीव्ही आहे का? आणि वरून कुणी हाक मारली तर हातातलं टाकून उठतोस का?

"उठावं लागतं हो," ओहायोचा एक जण म्हणाला. "घरात सासू आहे."

"मग साधी घे."

"मी काय नवशिका वाटलो का तुम्हाला?"

"नाही रे बाबा. नवशिके घाबरून असतात, म्हणून त्यांची बोटं शाबूत राहतात. तुझ्यासारख्यांचीच काळजी वाटते मला."

तो हसला आणि त्यानं साधी घेतली. पलीकडच्या टेबलावरून ट्रेंटनं मान वर केली. हा मालकाचा नातू, वय तीस, कॉलेजात व्यापार शिकून आलेला. कुणाचा फोन किती मिनिटं चालला हे दाखवणारा पडदा त्यानं भिंतीवर लावला होता, आणि त्यात आर्डिसचं नाव कायम तळाला असे.

"आर्डिस, लोक महागाचं घ्यायला येतात आणि तू त्यांना स्वस्ताकडे हाकलतेस. दुकानात उलटं चालतं."

"बरं. कुणाची बोटं गेली की फोन तुझ्याकडे देईन, मग तू उलटं चालव."

ट्रेंट वाईट नव्हता. त्याला फक्त अजून कुणाचं काही तुटलेलं पाहायला मिळालं नव्हतं.

ट्रेंटच्या डोळ्यांत खुपणारी आणखी एक गोष्ट होती. दुरुस्तीच्या खोलीत मागच्या भिंतीला लागून एक लोखंडी कपाट होतं. त्यात एकोणीस प्रेस ठेवल्या होत्या, पुसून, तेल लावून. प्रत्येकीच्या दांड्याला दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधलेली. वर नाव, खाली तारीख, आणि त्याखाली आर्डिसच्या अक्षरात एकच ओळ, 'सुटा भाग यायचा आहे'.

तो भाग कधीच येणार नव्हता. तसा काही भागच नव्हता.

ते सुरू झालं तेरा वर्षांपूर्वी. कंपनीची रीतच अशी आहे की प्रेस कधीही मोडो, पाठवून द्या, फुकट दुरुस्त करून देऊ. नेब्रास्काहून एका बाईचा फोन आला. ती कुजबुजत बोलत होती, बहुधा नवरा शेजारच्या खोलीत असावा. म्हणाली, "यांना दोनदा मेंदूचा झटका येऊन गेलाय. आता काय घातलं, काय नाही, लक्षात राहत नाही. बंद करा म्हटलं तर माझ्याशी बोलायचंच बंद करतील. प्रेसचा दांडा ढिला आहे असं सांगून तुमच्याकडे पाठवली तर चालेल का?" मग जरा थांबून म्हणाली, "आणि दुरुस्त नाही केलीत तर?"

आर्डिस म्हणाली, "पाठवा."

अशी गोष्ट लपून राहत नाही. एका बाईनं दुसरीला सांगितलं, लेकींनी मावश्यांना सांगितलं, एकदा तर एका पाद्र्याचाच फोन आला. आर्डिस सगळ्यांना एकच वाक्य शिकवायची: "दांडा जरा ढिला वाटतो, सोमवारी पाठवून देऊ का? एवढंच म्हणा. जास्त बोलू नका, बायका जास्त बोलल्या की पुरुषांना संशय येतो." म्हातारा वारला की लेक पत्र लिहायची आणि प्रेस नातवाकडे रवाना व्हायची. मग त्या जागी दुसरी यायची.

राहिले ते म्हातारे. भागांची गाडी मंगळवारी येते, असं आर्डिसनं कधीतरी कुणाला तरी सांगितलं होतं. तेव्हापासून मंगळवारी सकाळी एकेकाचे फोन सुरू व्हायचे.

"चार वर्षं झाली आर्डिस. तो भाग काय चंद्रावरून येतोय?"

"चंद्रावरून येत असता तर एव्हाना आला असता, साहेब. पुढच्या मंगळवारी विचारा."

"बरं, बरं. तुझी मान कशी आहे?"

खोटं बोलायचा तिला कंटाळा आला नव्हता. ते तिचं सगळं खरं मानायचे आणि वर तिच्या मानेची चौकशी करायचे, त्यानं ती थकली होती. डिसेंबरच्या शेवटी नोकरी सोडायची असं तिनं ठरवलं होतं. तसा अर्जही ट्रेंटच्या टेबलावर होता. ट्रेंट म्हणाला होता, तू गेलीस की हे कपाट मी रिकामं करणार, जागा लागते.

तिचा नवरा डेल्मर. चौतीस वर्षं तो लाकडाच्या गिरणीत करवतींना धार लावत होता. केसाच्या जाडीइतका फरक त्याला बोटानं कळायचा. गिरणी बंद पडली तेव्हा इतरांनी दारू जवळ केली, डेल्मरनं तळघर जवळ केलं. त्यानं भरलेल्या काडतुसांच्या प्रत्येक डब्यावर चौकोनी अक्षरात चिठ्ठी असायची. तारीख, गोळी, बारूद, वजन. शेजारचे लोक म्हणायचे, डेलची चिठ्ठी ही बँकेच्या पावतीपेक्षा खरी.

कपाटाची गोष्ट आर्डिसनं त्याला पहिल्यांदा सांगितली ती जेवताना. हसता हसता त्याच्या हातातला काटा खाली पडला होता. मग तो एकाएकी गंभीर झाला.

"त्यांच्यातल्या एकालाही कळत नाही?"

"नाही."

"मग ऐक. माझ्यावर ती वेळ आली तर सरळ तोंडावर सांग. हे कपाट-बिपाट माझ्याशी नको."

"सांगीन," आर्डिस म्हणाली होती. तेव्हा डेल्मर एकसष्ट वर्षांचा होता, आणि असली वचनं देताना माणसाचं काही जात नाही.

या वर्षी मार्चमध्ये तिला एका डब्यावर चिठ्ठीच दिसली नाही. एप्रिलमध्ये एका डब्यावर दोन दिसल्या, दोन वेगळ्या तारखांच्या. तिनं पाहिलं आणि डबा होता तिथं ठेवला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय. जूनमध्ये मात्र तिनं एक गोष्ट केली. कंपनीला प्रदर्शनासाठी जुनी फिरती प्रेस हवी आहे असं सांगून घरातली उचलून नेली आणि त्याच्यापुढे साधी आणून ठेवली. साध्या प्रेसवर प्रत्येक पुंगळी हाताखालून आणि डोळ्याखालून जाते, चूक दिसते. डेल्मर एका शब्दानं काही बोलला नाही. ज्यानं उभ्या आयुष्यात वाद घातल्याशिवाय हत्यार बदललं नाही, तो गप्प बसला, तिथंच त्यालाही कळलंय हे तिला कळायला हवं होतं.

ऑक्टोबरातला तो शनिवार. हंगाम पुढच्या आठवड्यात उघडणार होता. रानात जाताना अस्वलासाठी म्हणून डेल्मर कमरेला रिव्हॉल्वर लावायचा. त्याची पन्नास काडतुसं भरायला तो सकाळपासून खाली बसला होता. दुपारी आर्डिस कपड्यांची टोपली घेऊन तळघरात उतरली, कारण धुलाईयंत्रही तिथंच होतं. टेबलावर पन्नास भोकांची लाकडी फळी होती आणि डेल्मर नव्हता. खिडकीतून तो अंगणात पाखरांच्या डब्यात दाणे घालताना दिसला.

या फळीचा एक नेम असतो, तो काडतुसं भरणारा प्रत्येक माणूस पाळतो. रिकामी पुंगळी तोंड खाली करून ठेवायची. बारूद घातली की तोंड वर. मग मध्येच फोन येवो, सासू हाक मारो, आग लागो, परत आल्यावर कुठवर आलो ते नुसतं बघून कळतं. आर्डिसनं हा नेम फोनवरून हजारदा सांगितला असेल. डेल्मरच्या फळीवर पन्नासच्या पन्नास पुंगळ्या तोंड वर करून उभ्या होत्या. शेवटच्या दोन रांगांत अजून बारूद नव्हती, तरीही.

तिनं टॉर्च उचलला आणि आत पाहिलं. पहिली रांग ठीक होती, दुसरी ठीक होती. तिसऱ्या रांगेत बारूद वर आली होती. दहाच्या दहा पुंगळ्यांत दोनदा घातलेली. रिव्हॉल्वरच्या पुंगळीत दुप्पट बारूद निमूट मावते, सांडत नाही. वरून गोळी बसली की पन्नासांतली कुठली दहा ते कुणालाच सांगता येत नाही. झाडणाऱ्याला मात्र रिव्हॉल्वर हातातच फुटलं की कळतं, तेही एकदाच.

दहा पुंगळ्या तिनं एकेक करून बारुदीच्या डब्यात ओतल्या आणि तोंड खाली करून ठेवल्या. एक खाली पडली, ती शोधायला तिला गुडघ्यांवर बसावं लागलं.

"काय करतेस?" जिन्यावरून डेल्मर म्हणाला.

"मोजा पडला."

रात्रभर तिनं वाक्य जुळवलं. डेल, तू म्हणाला होतास तोंडावर सांग. सकाळी चर्चमध्येही तेच जुळवत होती, प्रार्थनेत काय झालं ते तिला आठवत नाही. घरी येऊन जेवायला बसले. टोमॅटोचं सूप आणि गेल्या वर्षीच्या हरणाचे सॉसेज. डेल्मर पाव मोडत होता. आर्डिसनं तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते हे:

"तुझ्या प्रेसचा दांडा जरा ढिला वाटतो. सोमवारी घेऊन जाऊ का?"

तेरा वर्षं परक्या बायकांना शिकवलेलं वाक्य, अक्षरही इकडचं तिकडं नाही. स्वतःच्या कानांना ते इतकं नीच वाटलं की तिनं बशीत पाहिलं.

डेल्मरनं पाव खाली ठेवला.

"ढिला आहे?"

"थोडासा."

"पिन झिजली असेल," तो म्हणाला आणि सूप संपवलं.

तासाभरानं खालून पान्याचा आवाज यायला लागला. तो वर आला तेव्हा त्याच्या हातात खोकं होतं. प्रेस पुसून, तेल लावून, कागदात गुंडाळून ठेवलेली. दांड्याला त्याच्या चौकोनी अक्षरातली चिठ्ठी. तारीख, नाव, आणि 'तक्रार: दांडा ढिला'.

"काल तू खाली येऊन गेलीस, त्यानंतर डब्यात बारूद वाढली होती," तो म्हणाला. "वजन करतो मी अजून. तेवढं येतं मला. किती होत्या?"

आर्डिसला खोटं बोलता आलं नाही. "दहा."

"दहा." त्यानं खुर्ची ओढली आणि बसला. "एखादी असेल असं वाटलं होतं."

"डेल, तू मला म्हणाला होतास, तोंडावर सांग. मी सांगणार होते रे. माझ्याच्यानं झालं नाही."

"तेव्हा मी मूर्ख होतो. डोकं जाग्यावर होतं म्हणून ऐट करत होतो." तो टेबलावरचे पावाचे तुकडे बोटानं गोळा करत होता. "तोंडावर नको सांगूस. त्या म्हाताऱ्यांना सांगतेस तसंच मला सांग. भाग यायचा आहे म्हण."

"तुला तर सगळं माहीत आहे."

"आज माहीत आहे," डेल्मर म्हणाला.

आर्डिस ताटं घासायला उठली आणि तोंडावर फडकं धरून रडली. तो मागून आला, तिच्या हातातून फडकं काढून घेतलं आणि ताटं पुसायला लागला. एक ताट त्यानं दोनदा पुसलं. तिनं पाहिलं आणि पुढचं ताट त्याच्या हातात दिलं.

सोमवारी प्रेस कपाटात गेली, विसावी. चिठ्ठीच्या खाली नेहमीची ओळ लिहिताना तिचं पेन अडलं, पण लिहिली. दुपारी ट्रेंट कपाटाची मापं घ्यायला टेप घेऊन आला. वाकून त्यानं शेवटच्या चिठ्ठीवरचं नाव वाचलं, टेप गुंडाळला आणि निघून गेला. कपाट रिकामं करायची गोष्ट त्यानं पुन्हा काढली नाही. भिंतीवरच्या पडद्यावरही मंगळवारच्या दिवशी आर्डिसचं नाव दिसेनासं झालं.

तिनं नोकरी सोडायचा अर्ज मागे घेतला. मान दुखत होती, डोळे दुखत होते, पण मंगळवारचे फोन दुसऱ्या कुणाला द्यायचे, इथं घोडं अडलं ते अडलंच.

पहिल्याच मंगळवारी दहाच्या सुमारास डेल्मरचा फोन आला. आवाज जाड करून म्हणाला, "काय हो बाई, माझा भाग आला का?"

"नाही आला, साहेब. पुढच्या मंगळवारी विचारा."

"कसली कंपनी आहे तुमची! बरं, येताना दूध आण."

मग ते दर मंगळवारचंच झालं. कधी तो रागावलेलं गिऱ्हाईक व्हायचा, कधी टेक्सासचा शिकारी. शेवटी दूध ठरलेलं. घरात दूध असलं तरी दूध. आर्डिस त्या फोनची वाट बघायची. दिवसभरातला तेवढाच एक फोन असा, की ज्यात दोन्हीकडच्या माणसांना खरं काय ते माहीत होतं.

नाताळ झाला, जानेवारीत बर्फ खिडकीच्या वर गेलं, फेब्रुवारीत डेल्मर एकदा बूट न घालता, नुसत्या मोज्यांवर अंगणातल्या बर्फात गेला. मार्चमधल्या एका मंगळवारी दहा वाजता फोन वाजला.

"हेल्गेसन कंपनी, आर्डिस बोलतेय."

"नमस्कार. माझं नाव डेल्मर ट्वेट. चर्चच्या मागं राहतो, निळ्या दाराचं घर. ऑक्टोबरात माझी एक प्रेस तुमच्याकडे दुरुस्तीला दिली होती. दांडा ढिला होता. तिचं काय झालं?"

आर्डिस हसण्याच्या तयारीत होती. दुधाची वाट बघत ती थांबली. पण आवाज जाड नव्हता, टेक्सासचाही नव्हता. अनोळखी माणसाशी डेल्मर जसा जपून, नीट बोलायचा, तसा होता.

"हॅलो?" तो म्हणाला. "ऐकू येतंय का?"

"येतंय, साहेब. भाग अजून आला नाही."

"अस्सं. घाई नाही काही. आणि झाली की पाठवायचा खर्च करू नका. माझी बायको तुमच्याकडेच कामाला आहे. तिच्याकडे दिलीत तरी चालेल."

आर्डिसनं दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. पलीकडं ट्रेंट कागद चाळायचा थांबला होता.

"सांगते तिला," ती म्हणाली.

"सांगा. चांगली आहे हो ती. फक्त दमते फार."

"हो."

"मग केव्हा विचारू?"

"मंगळवारी विचारा, साहेब. मी असेन इथं."

त्यानं आभार मानले आणि फोन ठेवला. पाठोपाठ दुसरा वाजला, तिसरा वाजला, आणि तिनं ते घेतले. एका माणसाला साधी प्रेस घ्यायला लावली, एकाला झिजलेली पिन पाठवायचं कबूल केलं. पाच वाजता ती निघाली आणि दुकानापाशी गाडी थांबवून तिनं दूध घेतलं. आज कुणी आणायला सांगितलं नव्हतं.